एका टाचेची दुरुस्ती

मुलाच्या नव्या बुटाची टाच मी हेक्सा करवतीने कापली, तेव्हा मला अगदी मनापासून वाटत होतं की मी त्याच्यावर उपकार करतोय.

माझं डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कड्या, बिजागऱ्या, नळ, रंग, मंगलोरी कौलं. या धंद्यात माणसाला एक खोड लागते. आलेला माल परत पाठवायचा नाही. डावी कडी मागवली आणि उजवी आली, तर ती उलटी धरायची, कानशीने घासायची आणि बसवायची. परत पाठवायची म्हणजे पुन्हा खोकं बांधा, फोन करा, आणि पलीकडचा माणूस "बघतो हां" म्हणाला की पुढच्या चतुर्थीपर्यंत तो बघतच राहतो.

तर त्या दुपारी मुलाच्या नावाने पार्सल आलं. दुकान बंद करून मी आमच्या गावी, सर्वणला, घरी जेवायला आलो होतो आणि जेवण अंगावर येऊन पडवीतल्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, पाय पसरून बसलो होतो. खोक्याचा एक कोपरा फाटलेला. फाटक्या कोपऱ्याचं खोकं मी उघडून बघतोच. दुसऱ्याचं आहे हे मला नंतर सुचतं.

आत गुडघ्यापर्यंतचे काळे बूट. वर सोनेरी पट्ट्या. माप मुलाचंच, कारण उंचीने तो माझ्यावर गेला असला तरी पावलं त्याने आईकडून घेतलीत, चांगली ऐसपैस. सगळं ठीक. फक्त टाच! वीतभर नव्हे, पण वितीच्या जवळपास जाणारी, खाली निमुळती होत गेलेली. मी मनाशी म्हटलं, झालं, कारखान्यात घोटाळा. पुरुषाच्या बुटाला बाईची टाच ठोकून पाठवली. पोरगं कॉलेजातून येईल, हे बघून हिरमुसेल. त्याआधी आपण काम उरकून टाकू.

हेक्सा घरीही असतोच. वरचं प्लास्टिक लोण्यासारखं कापलं गेलं. मध्ये पोलादी सळई लागली, तिने थोडा आवाज केला. दोन बोटं उंचीचा तुकडा खाली पडला आणि बायको चहा घेऊन बाहेर आली.

"अहो, काय चाललंय?"

"दुरुस्ती."

"कोणाच्या बापाचे बूट ते?"

"बापाचे नव्हेत. मुलाचे."

तिने पडलेला तुकडा उचलला, बुटाला लावून बघितला, काढला, पुन्हा लावून बघितला.

"ही टाच होती," ती म्हणाली.

"तेच तर. चुकीची लावलेली. एक काढली, आता दुसरी घेतो."

"घेऊन बघा," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्या हाताला न लागणाऱ्या कठड्यावर ठेवून आत गेली. आमच्या घरात याचा अर्थ फार स्पष्ट असतो. मी हेक्सा खाली ठेवला.

मुलगा संध्याकाळच्या बसने आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो ओरडणाऱ्यांतला नाही. बसमध्ये "थांबव रे" म्हणायला सुद्धा त्याला जड जातं. पुढच्या स्टॉपवर कुणी दुसरं उतरलं की हा त्याच्या मागून उतरतो आणि मागे चालत येतो. तर तो पायरीवर बसला, लंगडा बूट मांडीवर घेतला आणि म्हणाला,

"पप्पा, त्याला टाच आहे."

"कोणाला?"

"मी जो होणार आहे त्याला."

मग हळूहळू उलगडा झाला. गावच्या सार्वजनिक गणपतीच्या मांडवात वेशभूषेचा कार्यक्रम असतो. लहान मुलं, मोठी मुलं, क्वचित एखादा हौशी सासरा, कुणीही भाग घेतो. यंदा मुलाने नाव दिलं होतं. तो होणार होता जपानी कार्टूनमधला एक सरदार. "कार्टून नव्हे, ॲनिमे," हे त्याने मला पूर्वी समजावलं होतं आणि मी पूर्वी विसरलो होतो. त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. लांब कोट, चंदेरी केस, कमरेला तलवार, चेहरा असा की जणू नुकताच आंघोळ करून आलाय आणि आता कुणाला तरी मारून पुन्हा आंघोळीला जाणार आहे. आणि पायात ते बूट.

"हा लढतो कशात?"

"ह्यातच."

"पळतो?"

"छपरावरून."

त्याने मला ते पळणंही दाखवलं. चांदण्यात कौलारू छपरं, आणि हा गडी उंच टाचांवर एका छपरावरून दुसऱ्या छपरावर. मी कौलं विकतो. आमच्याकडे माकड गेलं तरी चार कौलं सरकतात. हा सहा फुटी माणूस एवढ्याशा टोकावर सगळं वजन घेऊन गेला आणि एक कौल हललं नाही. मी म्हटलं, "कुठल्या कंपनीचं कौल आहे विचार रे." मुलगा हसला नाही. आतून त्याची आई हसली.

एकदा लक्षात आल्यावर मला ती टाच जिकडेतिकडे दिसायला लागली. मुलाच्या मोबाइलवर एक खलनायक होता, तो टाच आपटूनच खोलीत यायचा. एक जादूगार होता. एक जहाजाचा कप्तान, भर वादळात, ओल्या डेकवर, टाचेवर! बायको म्हणाली, याला एकदा माझ्या माहेरी मांद्र्याच्या धक्क्यावर मासळी उतरवायला आणा. मी मुलाला विचारलं, "या सगळ्यांना कुणी विचारत नाही, अरे पुरुषासारखा पुरुष तू, हे काय घातलंस म्हणून?"

"नाही विचारत."

"कुणीच?"

"त्यांना दुसरी कामं असतात, पप्पा."

हे उत्तर मला थोडं लागलं, कारण त्याच्या बुटाची टाच कापणारा मी एकटाच रिकामा होतो.

रात्री जेवताना तो म्हणाला, "राहू दे. यंदा नको. पुढच्या वर्षी बघू." आणि इतक्या सहज म्हणाला की मी भात पुढे ओढणार होतो. पण बायकोने माझ्याकडे बघितलं. मागल्या वर्षीही त्याने नाव दिलं होतं. तेव्हा तो साधा पोदेर होणार होता, पहाटे पाव विकणारा, सायकल आणि भोंपू घेऊन. माइकवरून त्याचं नाव तीनदा पुकारलं. तोवर हा मागच्या कुळागरातून, सुपारीच्या बागेतून, घरी पोचला होता. भोंपू मात्र मांडवाच्या मागेच राहिला, तो दुसऱ्या दिवशी मी आणला. तेव्हाही तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू. या पोराला स्टेजवर न जायला फक्त एक कारण हवं होतं, आणि ते कारण मी हेक्साने कापून त्याच्या हातात दिलं होतं.

"टाच मी लावतो," मी म्हटलं.

"लागणार नाही."

"डिचोलीत माझ्यासारखं जोडणारा दुसरा कोण आहे?"

"कापणारा पण नाही," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट पिशवीत घालून दुकानात नेले. कामाचं वर्णन थोडक्यात सांगतो, नाहीतर ही गोष्ट बिजागरीवर जाईल. टाचेच्या दोन्ही भागांत मधोमध भोक पाडलं, आटे असलेली सळई आत पिळली, दोन नळ्यांचा गोंद भरला, बाहेरून पातळ पाइपचं कडं चढवलं आणि काळा रंग मारला. हेक्साच्या पात्याने खाल्लेली जाडी भरून काढायला मध्ये एक वायसर घातला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही सजावटच आहे. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं. दिसायला झकास. पण टाच दिसण्यासाठी नसते, उभं राहण्यासाठी असते. माणसाचं वजन पेलेल का, हे माणसाने उभं राहिल्याशिवाय कळणार कसं?

दुपारची वेळ, बाजार झोपलेला. मी शटर अर्धं खाली ओढलं. बुटांत दोन्हीकडे चिंध्या कोंबल्या, कारण माझी पावलं लहान. आणि गल्ल्याला धरून उभा राहिलो.

मी पाच फूट तीन इंच आहे. म्हणजे चपलेसकट. दुकानाच्या वरच्या फळीवर काय आहे हे मला इतकी वर्षं फक्त ऐकून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. धूळ, एक मेलेली पाल आणि वडिलांच्या वेळची चहाची किटली, जी आम्ही चोरीला गेली म्हणून धरून चाललो होतो. पाऊल टाकलं. टाच टिकली. दुसरं टाकलं. गल्ल्यापासून रंगाच्या डब्यांपर्यंत गेलो. वळलो. वळणं कठीण असतं हो, त्या सरदाराबद्दल माझा आदर वाढला. आणि परत येताना शटरखालून वाकून बेळगावकडचा एक गवंडी मेस्त्री आत आला. गेली काही वर्षं आमच्या भागात बांधकामावर आहे, माल माझ्याकडूनच नेतो.

तो सरळ उभा राहिला. मला बघितलं. मग मान थोडी वर केली.

"शेठ, आज लई उंच दिसालायसा."

"माल तपासतोय."

"कसला माल?"

"टाच."

त्याने विचार केला. माझे पाय बघितले, सोनेरी पट्ट्या बघितल्या. "दीड इंची खिळे द्या," तो म्हणाला.

खिळे सगळ्यात खालच्या खणात. मी वाकायचा प्रयत्न केला. गुडघे एकीकडे आणि मी दुसरीकडे निघालो, तेव्हा रंगाचा डबा धरला. "तुम्हीच घ्या," मी म्हटलं.

त्याने स्वतः वाकून खिळे घेतले, वजन केलं, पैसे गल्ल्यावर ठेवले आणि जाताना शटरपाशी थांबून म्हणाला, "असंच असतंय शेठ. माणूस वर गेला की खालचं त्याच्या हाताला लागत न्हाई."

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. घरी एवढंच सांगितलं की टाच पक्की आहे, बैल उभा केला तरी मोडणार नाही. मुलाने बूट घातले, उभा राहिला आणि जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजाला धरून राहिला. टाच पक्की होती. मुलगा पक्का नव्हता. एकेक पाऊल तो असा टाकायचा, जसा कुणी पाण्याची खोली बघतो.

"खाली बघू नको," बायको ओट्याकडून म्हणाली. "जमीन कुठं पळत नाही. अख्खं पाऊल टाक. आधी टाच टेकवलीस की घसरशील."

"तुला काय माहीत?" मी म्हटलं.

ती हात पुसत बाहेर आली. मुलाला म्हणाली, काढ. जमिनीवर तिने जुनी चादर अंथरली, नवे तळवे खरवडू नयेत म्हणून. मग बूट चढवले. तिला ते बरोब्बर बसले. पदर खोचला, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून टीव्हीपर्यंत चालत गेली. चादरीवरून सुद्धा आवाज आला. टक. टक. टक. घाई नाही, डुगडुग नाही. टीव्हीपाशी ती एका टाचेवर अशी काही वळली की मुलगा "आई!" म्हणून ओरडलाच. ओरडणाऱ्यांतला नसूनही.

मी तिच्याकडे बघत होतो. बघायला मान बरीच वर करावी लागत होती.

"हे कुठं शिकलीस?"

"लग्नाआधी मांद्र्याच्या गेस्टहाउसच्या काउंटरवर कोण उभं असायचं? तुमची मावशी?"

ती तिथे नोकरीला होती हे मला माहीत होतं. काय घालायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. दिवसभर टाचेवर उभी, हातात चाव्या, समोर परदेशी पाहुणे, आणि त्यांचं सामान वर पोचवायला माणूस आला नाही तर हीच जिना चढायची.

"मग सोडलंस कधी?"

 तिने टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे फक्त हनुवटी केली. तिथे आमच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात आम्ही दोघं एका उंचीचे दिसतो. फोटोग्राफरने मला पाटावर उभं केलं होतं आणि पाट चौकटीबाहेर राहील असं वचन दिलं होतं. ते त्याने पाळलं नाही. डाव्या कोपऱ्यात पाटाचा एक पाय अजून दिसतो. आणि आज नीट बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की शेजारी ती गुडघ्यात किंचित वाकून उभी आहे.

"पाऊल टाक रे," ती मुलाला म्हणाली आणि तो विषय तिथे बंद झाला.

चार संध्याकाळी तिने त्याला चालवलं. चादरीवर, खांदे मागे, नजर समोर. कोट तिनेच जुन्या पडद्याचा शिवला होता. शेवटच्या दिवशी तो दारापासून टीव्हीपर्यंत आला, वळला आणि तलवार काढली, तेव्हा मला क्षणभर वाटलं, हा खरंच कुणाला तरी मारून आंघोळीला जाणार. सगळी जादू त्या आवाजात होती. आधी टक टक ऐकू येते, मग माणूस दिसतो. "मी असाच येणार," तो म्हणाला. "आधी आवाज. मग मी."

मला एकच धास्ती होती. गाव काय म्हणेल? मुलगा टाच घालून मांडवात उभा राहणार. हसतील, टोमणे मारतील आणि पोरगं पुन्हा कुळागरातून पळेल. म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. घोडेस्वाराला रिकिबीत पाय अडकवायला टाच लागते, हे एक. जपानी चित्रकाराला पाय लांब दाखवायचे असतात, हे दुसरं. आणि कुणी फारच बोललं तर त्याच्या घरची कौलं कोणी उधार बसवली, हे तिसरं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मांडवाच्या मागे मुलं तयार होत होती. मंडळाचे अध्यक्ष येरझाऱ्या घालत होते. वयाने मोठे, सुपारीच्या बागेचे मालक, सगळे त्यांना काका म्हणतात. मुलाने कोट घातला, केस चढवले. काका थांबले. वरून खालपर्यंत बघत आले आणि बुटांवर थांबले. आता आलं, मी मनात घोडेस्वार काढला.

"पुता," काका म्हणाले, "हे पायतण घालून तू गणपतीसमोर चढणार?"

"हो काका. ते... त्याला टाच असते."

"टाच असू दे नाहीतर शिंग असू दे. पायतण कसं चालेल? मी याच मांडवात लुगडं नेसून, नाकात नथ घालून तीन अंकी नाटक केलंय, बायका रडल्यात माझ्यासाठी. पण अनवाणी!"

माझी तिन्ही उत्तरं वाया गेली. मुलगा टाच घालतो याचं काकांना काहीच नव्हतं. प्रश्न टाच खाली टेकण्याचा होता. आमच्या मांडवात चपला घालून कुणी चढत नाही. हे मला जन्मापासून माहीत. इतकं माहीत की आठवलंच नाही.

मुलाचा चेहरा उतरला. त्याची नजर मागच्या बाजूला वळली. कुळागराकडे.

"काका, काहीतरी वाट असेल," बायको म्हणाली.

काकांनी डोकं खाजवलं. "नाटकात राजाच्या मोजड्या असायच्या, त्या चालायच्या. पण ते सोंगाचं सामान. पेटीतून निघायचं, पेटीत जायचं, रस्ता बघायचं नाही. हे बूट बाहेर कुठं गेलेत?"

"नाही!" मुलाचा आवाज खुलला. "पार्सलातून काढले ते घरात. घरात पण चादरीवर चाललो. इथं पण पिशवीतून आणले."

"तर मग सोंगाचंच सामान," काका म्हणाले. "जा, चढ."

इथे मी गप्प राहिलो असतो तर काही बिघडणार नव्हतं. मुलगा स्टेजवर गेला असता, गोष्ट संपली असती. पण पडद्याच्या फटीतून गणपतीचा एक डोळा थेट माझ्याकडे बघत होता. आणि त्या बुटांखाली माझ्या दुकानाची जमीन होती, जिथे दिवसभर अख्ख्या तालुक्याच्या चपला येऊन जातात.

"गेलेत," मी म्हटलं.

"काय?"

"बाहेर गेलेत बूट. दुकानात."

"दुकानात कोण घेऊन गेलं?"

"मी."

"पिशवीतून ना?"

"पायातून."

मागची सगळी मुलं वळली. शेजारी एक मुलगी फणस होऊन उभी होती, ती सुद्धा वळली. मुलगा माझ्याकडे असं बघत होता की जणू चंदेरी केस मीच घातलेत.

"तू?" काका म्हणाले. "टाच घालून? चाललास?"

"वजन पेलते का बघायला. गल्ल्यापासून रंगाच्या डब्यांपर्यंत." आणि बोललोच आहे तर पुरतं बोलावं म्हणून, "आणि परत."

काका हसायला लागले. आधी पोटात, मग खांद्यात, मग त्यांना खांबाला धरावं लागलं. फणसाची आई हसली, माइकवाला हसला. "अरे, तुलाच चढवायला हवं होतं रे!" काका डोळे पुसत म्हणाले. मग पुसून झाल्यावर म्हणाले, "पण नियम तो नियम. तळ बाहेरचा झाला."

मुलगा बूट काढायला वाकला. वाकला आणि वर बघून मला म्हणाला, "खरंच चाललात पप्पा? पडला नाहीत?"

"थोडक्यात."

तो हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि त्या हसण्याने माझं हार्डवेअरचं डोकं चालू झालं. तळ बाहेरचा झाला ना? मग तळ बदला! मांडवाच्या कोपऱ्यात स्टेजवर अंथरलेल्या नव्या लाल कार्पेटचा उरलेला तुकडा गुंडाळून पडला होता. "काका, हे कार्पेट स्टेजचंच ना?"

"स्टेजचंच."

"याचाच तळ लावला तर? स्टेजच स्टेजवर चालेल. कोण हरकत घेणार?"

काकांनी गणपतीकडे बघितलं, मग कार्पेटकडे. "लाव," ते म्हणाले. "याचं नाव शेवटी घ्या रे."

स्कूटरच्या डिकीत माझ्याकडे कात्री आणि रबरी सोल्यूशन असतंच, लोक रुमाल ठेवतात तसं. तळवे कापले, टाचेखालचे दोन बारीक गोल कापले, चिकटवले. फणस जाऊन आला, शेतकरी जाऊन आला, एक वासुदेव अर्ध्यात रडत परत आला. सोल्यूशन सुकलं. मुलाने बूट घातले, दोन पावलं टाकली आणि थांबला.

"पप्पा. आवाज येत नाही."

खरंच. कार्पेटवर कार्पेट. मांजर चालल्यासारखं. आणि तिकडे माइकवर त्याचं नाव पुकारलं. एकदा.

"आधी आवाज, मग मी," तो पुटपुटला. पाय हलेना. दुसऱ्यांदा नाव पुकारलं.

मी डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागच्या लाकडी फळीपाशी बसलो. "तू चाल," मी म्हटलं. "आवाज मी काढतो."

"तुम्हाला मी दिसणार कसा?"

"मला दिसेल," त्याची आई म्हणाली आणि पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. एक हात मागे, माझ्या खांद्यावर.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर मारलं. टक. समोरचा गलबला थोडा कमी झाला. टक. बायकोची बोटं खांद्यावर दाबली जायची तसा मी मारायचो. मला समोर फक्त पडद्याचं अस्तर दिसत होतं. टक. टक. आता मांडव पूर्ण गप्प. बोटं थांबली, मी थांबलो. मग तिने खांदा एकदम घट्ट आवळला, म्हणजे तो वळला असावा, टाचेवर. माझी टाच. सळई, गोंद, वायसर. मी कान लावला. काही मोडल्याचा आवाज आला नाही. मग तलवार उपसल्याचा आला, आणि नंतर जो आवाज आला तो मांडवातल्या सगळ्या माणसांचा होता.

पहिलं बक्षीस फणसाला मिळालं, आणि ते योग्यच होतं, फणस फारच हुबेहूब होता. मुलाला उत्तेजनार्थ मिळालं. पेल्यापेक्षा पेल्याचं खोकं मोठं. गर्दीत बेळगावचा तो मेस्त्री होता. मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "झ्याक चाललास. तुझ्या वडलांपेक्षा लई बरा." मुलगा मित्रांबरोबर मागे राहिला. स्वतःहून, हाक मारून, मोठ्याने म्हणाला, "पप्पा, मी येतो नंतर!"

स्कूटर मांडवापाशीच ठेवून आम्ही दोघं चालत घराकडे निघालो. पिशवीत बूट माझ्या हातात. ती शेजारून आपल्या सपाट चपलांतून चालत होती, आणि मी तिच्या खांद्याकडे बघत विचार करत होतो की सरळ उभी राहिली तर ही कुठवर पोचते.  दुकानातली ती फेरी तिच्या डोक्यात घोळत असणार, मधेच एकटी हसत होती. घराची पायरी आली तेव्हा थांबली. चपला काढल्या, त्यांच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली,

"दिवाळीला मला एक जोड घ्या. तशाच टाचेचा. आणि तो घरचा हेक्सा उद्या दुकानात नेऊन ठेवा."